रिकाम्या सीटचा पट्टा

"मुलगी चांगली आहे गं, पण गाडीत बसली की आधी पट्टा चाचपते. जरा भित्रीच आहे."

हे मी ऐकायचं नव्हतं. सासूबाई बाल्कनीत फोनवर आपल्या बहिणीशी बोलत होत्या आणि मी जाळीच्या दाराच्या अलीकडे वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये खाजगी बोलायला जागा नसते. दारापलीकडच्याला ऐकू येत नाही, ही समजूत तेवढी असते.

मी नवऱ्याच्या, आमोदच्या शर्टाची घडी पुरी केली आणि पुढचा शर्ट घेतला.

भित्री म्हणायला हरकत नाही. वाशीमला मी मामाच्या विहिरीत काठावरून उड्या मारायचे, पण ते इथे कोणाला माहीत असायचं कारण नाही. माझी नोकरी मात्र माहीत आहे. मी गाड्यांच्या विम्याचे दावे तपासते. रोज फोटो येतात. पुढची काच आतून बाहेर फुगलेली असेल आणि मध्ये तड्यांचं जाळं असेल, तर डोकं कोणत्या सीटवरून आलं ते मला अहवाल न वाचता कळतं. कधीकधी जाळ्यात केस अडकलेले असतात. त्यामुळे पट्टा चाचपणं हा माझा स्वभाव नसून धंदा आहे. पण लग्नाला महिनाही झाला नव्हता, आणि नव्या सुनेनं जेवणाच्या टेबलावर असल्या गोष्टी काढू नयेत एवढं मलाही कळतं.

या घरात देवाची थट्टा चालते, फियाटची नाही.

फियाट आजेसासऱ्यांची. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली. साय रंगाची, पुढे सलग एकच सीट, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. आता ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर पांघरून असते आणि दर रविवारी सासरे तिला आंघोळ घालतात. स्वतःची आंघोळ त्यानंतर. येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांचं एक भाषण ठरलेलं आहे. "तेव्हा पत्रा होता, पत्रा. आताच्या गाड्या म्हणजे पापड. आम्ही सात जण या गाडीतून महाबळेश्वरला गेलोय. मांडीवर पोरं, पायाशी स्टोव्ह. पट्टे होते का? नव्हते. मेलो का?"

असं विचारणारे नेहमी जिवंतच असतात. दुसऱ्या बाजूचं मत घ्यायला कोणी जात नाही.

नव्वदच्या दशकात कधीतरी पट्ट्यांचा नियम निघाला, तेव्हा सासऱ्यांनी नाना पेठेतून पट्ट्यांची जोडी आणून गाडीला बसवली होती. बसवली, लावली नाही. तेव्हापासून घराची एक रीत पडली. चौकात पोलीस दिसला की पट्टा खांद्यावरून ओढायचा आणि टोक मुठीत धरून पोटाशी ठेवायचं. खटका लावायचा नाही. खटका लावणं म्हणजे पोलिसाचं खरं मानणं. चौक ओलांडला की मूठ उघडायची आणि सगळ्यांनी मिळून हसायचं. आमोद हे शाळेत असल्यापासून करतो. आज तो कारखान्यातल्या यंत्रांच्या सुरक्षेचं सॉफ्टवेअर लिहितो आणि त्याच्या स्वतःच्या नव्या गाडीच्या खटक्यात एक सुटी पिन खोचलेली असते, गाडी बोंबलू नये म्हणून. बाजारात मिळते ती. तिच्यावर गणपतीचं चित्रसुद्धा असतं.

पुढे फियाटचे पट्टे काढले, कारण जुन्या गाडीला ते शोभत नाहीत असं सासऱ्यांचं मत झालं. एका पट्ट्यानं माळ्यावरची पाहुण्यांची गादी बांधली आहे. ती अत्यंत सुरक्षित आहे.

घराची दुसरी रीत अशी की नवी सून जेजुरीला जाते ती याच गाडीतून. पुढच्या सीटवर. सासरे चालवणार, नवरा मागे. सासूबाई अशाच गेल्या होत्या, आता माझी पाळी. चंपाषष्ठीला पहाटे निघायचं, दिवे घाटातून.

"तुझ्या गाडीतून जाऊ या का?" मी आमोदला विचारलं होतं.

"बाबांना वाईट वाटेल."

"आणि मला?"

"तुला काय होतंय?" तो म्हणाला. अगदी प्रेमानं.

तर चंपाषष्ठीची आदली रात्र. जेवणं झाल्यावर आम्ही खाली पार्किंगमध्ये होतो. सासरे गाडी पुसत होते. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आमोद, माझी नणंद अवनी आणि वरच्या मजल्यावरचा अभिनव. तो आयटीत आहे आणि त्याला जुन्या गाड्यांचं वेड आहे, म्हणजे तो त्यांचे फोटो काढतो. मी पाण्याची बाटली घेऊन उतरले होते, ती परत वर गेलेच नाही. पार्किंगमधला दिवा हालचालीवर चालतो. कोणी हललं नाही की बंद. मग कोणीतरी हात वर करून हलवायचा.

अभिनवनं खिडकीतून आत डोकावून विचारलं, "काका, हिला सीटबेल्ट नाहीत?"

सासऱ्यांनी फडकं झटकलं. उत्तर अभिनवला दिलं, बघितलं माझ्याकडे.

"नाहीत. का नाहीत ते आमच्या यज्ञेश्वरला विचार."

"कोण यज्ञेश्वर?"

"माझा बँकेतला दोस्त. वारज्याला असतो. दर बुधवारी माझ्याकडे चहाला येतो, थापा मारणाऱ्यातला नाही. साखर एक चमचा म्हणजे एक चमचा, असा माणूस." सासरे खुर्चीवर बसले. "ऐकायचंय? मग मध्ये बोलायचं नाही."

मध्ये बोलायचं नाही हेही माझ्याकडेच बघून. मी तीन आठवड्यांत या घरात मध्ये कधी बोलले होते कोण जाणे.

"माझं बघून त्यानंही निवृत्तीनंतर फियाट घेतली," सासरे सांगू लागले. "स्वस्तात मिळाली. का स्वस्तात, ते विकणाऱ्यानं लपवलं नव्हतं. त्याची बायको त्या गाडीत गेली होती. पानशेत रोडला. नवरा-बायको दोघंच होते. पुढे पोलीस उभे दिसले म्हणून तिनं पट्टा ओढून धरला. हातात, आपण धरतो तसा. पोलीस मागे पडले. ती नवऱ्याला म्हणाली, 'सोडू का आता?' तो म्हणाला, 'सोड.' तिनं सोडला. पुढच्याच वळणाला समोरून टेम्पो."

अवनीनं पाय खुर्चीवर घेतले.

"त्यानं काच नवी घातली, सीटला नवं कव्हर घातलं आणि गाडी विकायला काढली. यज्ञेश्वरला मी म्हटलं, बघ बाबा. तो म्हणाला, गाडीला काय माहीत? हुशार ना तो. ड्रायव्हरच्या बाजूला पट्टा नव्हताच, पहिल्या मालकानं काढून टाकलेला, पोटाला काचतो म्हणून. डावीकडचा तेवढा राहिला होता. जुन्या पद्धतीचा. आपोआप आत जात नाही तो. सुटला की लोंबत राहतो."

"मग?" अभिनव म्हणाला.

"मग गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या. यज्ञेश्वरकडे श्राद्धाला गुरुजी आले. त्या दिवशी गुरुजी म्हणजे मंत्र्यापेक्षा बिझी. सहा घरं करून यांच्याकडे पोचले, जेवले, आणि सोफ्यावर टेकले ते झोपलेच. उठले तेव्हा दिवेलागण झालेली. त्यांचं घर धरणाच्या पुढे एका वाडीत. रिक्षावाले यायला तयार नाहीत. यज्ञेश्वर म्हणाला, चला, मी सोडतो. फियाट काढली."

इथपर्यंत सासऱ्यांचा आवाज नेहमीचा होता. मुदत ठेवीचे दर सांगतानाही ते असेच बोलत असावेत.

"जाताना काही नाही. गुरुजी शेजारी बसलेले, मागच्या घराच्या वड्यांना नावं ठेवत होते. वाटेत नाकाबंदी होती. गुरुजींनी पट्टा ओढला, मुठीत धरला. गाडी पुढे गेली, गुरुजींनी सोडला. हसले दोघं. वाडीत पोचले. गुरुजी उतरले, दार लावलं, यज्ञेश्वर फिरला."

दिवा बंद झाला. अवनीनं हात हलवला. लागला.

"येताना रस्त्यावर चिटपाखरू नाही. अमावास्या. एका बाजूला धरणाचं पाणी, पण दिसत नाही, नुसतं कळतं. गाडीचे दिवे फियाटचे, म्हणजे समईच. यज्ञेश्वर हळू चालवत होता. आणि त्याला आवाज यायला लागला. किण्... किण्... पट्ट्याचं धातूचं टोक दाराला लागत होतं. त्यानं मनात म्हटलं, गुरुजींनी नीट अडकवला नाही. लोंबतोय."

सासऱ्यांनी पाणी मागितलं. मी बाटली पुढे केली.

"थोड्या वेळानं आवाज थांबला. त्याला बरं वाटलं. मग वाटलं, थांबला का? म्हणून त्यानं डावीकडे बघितलं."

ते थांबले. या माणसाला थांबायचं कुठे ते कळतं, हे मला मान्य करावं लागेल.

"सीट रिकामी होती. आणि पट्टा ओढलेला होता. खांद्याच्या उंचीवरून तिरका खाली. ताठ. टोक पोटाच्या उंचीवर. हवेत. मुठीत धरल्यासारखं."

"बाबा, नको," अवनी म्हणाली.

"त्याला वाटलं, दारात अडकलाय. त्यानं डावा हात लांब केला. पट्टा धरला. ओढला. तो ढिला होईना. पलीकडून कोणीतरी... धरला होता."

दिवा पुन्हा गेला. या वेळी कोणी हात हलवला नाही.

"त्यानं हात काढून घेतला. पुढे बघायला लागला. फक्त पुढे. रामरक्षा आठवेना. सर्वपित्रीला दुपारीच घरात मंत्र झालेले, आणि एक ओळ आठवेना. नाकाबंदीची जागा आली. पोलीस निघून गेले होते. नुसते बॅरिकेड. ते मागे पडले. आणि..."

अंधारात सासऱ्यांचा फक्त श्वास ऐकू येत होता.

"शेजारून आवाज आला. बाईचा. हळू. रोजच्या बोलण्यातला. 'सोडू का आता?'"

रस्त्यावरून एक स्कूटर गेली.

"यज्ञेश्वर सांगतो, मी मान वळवली नाही. वळवली असती तर संपलो असतो. परत आवाज आला. जवळून. 'सोडू?'... आणि याच्या तोंडून निघालं, 'नको.' का नको म्हणाला ते त्याला आजही सांगता येत नाही. नको. एवढंच."

"मग?" हे आमोद. कुजबुजत.

"मग वळण. आणि वळणावर ट्रॉली. बंद पडलेली. विटांनी भरलेली. मागे दिवा नाही, दगड नाही, झाडाची फांदी नाही. याचा पाय ब्रेकवर गेला, पण फियाट काय लगेच थांबते? धडकली. बॉनेट अर्धं आत. यज्ञेश्वरनं डोळे मिटले होते. उघडले. सगळीकडे धूर, पाणी, शांतता. तो जागच्या जागी. बसलेला. सीटला चिकटलेला. हलता येईना. छातीवरून काहीतरी आवळलेलं. श्वास घेता येईना इतकं... आणि मग ते ढिलं झालं. हळूहळू. एकेक बोट सुटावं तसं."

अभिनवच्या मोबाईलची स्क्रीन लागली आणि त्याच्या हनुवटीवर उजेड पडला. त्यानं ती घाईनं उलटी केली.

"तो उतरला. चालता येत होतं. डोक्याला खरचटलेलं नाही. काचेला तडा नाही. डावीकडचा पट्टा खाली लोंबत होता. किण्... किण्... घरी आल्यावर त्यानं सदरा काढला. छातीवर वळ. चार बोटं रुंद. काळानिळा. डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत." सासऱ्यांनी अंधारात स्वतःच्या छातीवरून बोट ओढलं असावं; सदऱ्यावर नख घासल्याचा आवाज आला. "डाव्या खांद्यापासून. ड्रायव्हरचा पट्टा उजवीकडून येतो. आणि ड्रायव्हरला पट्टा नव्हताच, हे मी आधीच सांगितलंय."

"म्हणजे काका," अभिनव म्हणाला, "ते पुढे फेकले कसे गेले नाहीत?"

"तेच तर सांगतोय. हलूच दिलं नाही तिनं. स्टिअरिंग छातीत घुसायचं, पण छाती जागची हलली तर ना. असं धरलं होतं."

"बाप रे," अभिनव म्हणाला.

बाप रे. मी अंधारात तिघांच्या आकारांकडे बघत राहिले. एक अभियांत्रिकीचा पदवीधर, एक सुरक्षेचं सॉफ्टवेअर लिहिणारा आणि एक फिजिक्स घेऊन बीएस्सी करणारी. आणि समोर चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या कर्जाची कागदपत्रं तपासलेला माणूस. ताटात वाढून ठेवलेलं कोणालाही दिसत नव्हतं.

"वळ आठ-दहा दिवसांत जातो," सासरे म्हणाले. "हा गेला नाही. डॉक्टरांनी मलम दिलं, दुसऱ्या डॉक्टरांनी दुसरं मलम दिलं. वर्ष उलटलं. परवाच्या बुधवारी त्यानं माझ्यापुढे सदरा वर केला. तसाच आहे. काल उमटल्यासारखा. आणि हात लावला तर गार लागतो. मी लावून बघितला."

गेटवरच्या वॉचमनच्या रेडिओवर कसलीशी जाहिरात चालू होती.

"अडकलेली बाई ती," सासरे म्हणाले. "बांधून ठेवलंय तिनं त्याला. म्हणून जुन्या गाडीला असली लचांडं लावू नयेत. मी त्याला म्हटलं, गाडी भंगारात घाल आणि पट्टा नदीत सोड. त्यानं घातली भंगारात. काय म्हणतेस, ऋतुजा? अजून हवाय पट्टा?"

अवनी हसली. भ्यायलेली माणसं हसतात तशी. आमोदही हसला, आणि त्यानं माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. समजूत घातल्यासारखा.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि दिवा लागला. सासूबाई हातात कापडी पिशवी घेऊन आल्या. आम्ही सगळे डोळे मिचकावत होतो.

"काय रे, भुतं बघितल्यासारखे बसलात? झोपा आता, पहाटे उठायचंय." त्यांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "हे ओटीचं. खण आहे, तांदूळ आहेत, नारळ आहे. उद्या पुढे बसशील ना, तेव्हा मांडीवरच घेऊन बस. दोन्ही हातांनी धरायचं, घाटात गाडी हलते. खाली ठेवायचं नाही. मीही असंच नेलं होतं."

मी पिशवीत हात घातला. नारळ चांगला जड होता, शेंडी राखलेला.

दिवे घाट माझ्या डोळ्यांसमोर आला. मग काच आली. मग तो फोटो आला जो दुसरीच कोणीतरी, माझ्याच टेबलावर, माझ्याच खुर्चीत बसून उघडणार होती. दोन्ही हातांत नारळ धरलेल्या बाईचं जाळं काचेवर कुठे उमटतं, हे तिला शोधावं लागणार नाही.

मी उठून उभी राहिले. सासऱ्यांनी भुवया वर केल्या. गोष्ट संपली होती आणि मी मध्ये बोलत नव्हते, त्यामुळे त्यांना हरकत घेता आली नाही.

"बाबा," मी म्हटलं, "जिला नवऱ्यानं 'सोड' म्हटलं ती गेली. ज्यानं 'नको' म्हटलं ते यज्ञेश्वरकाका दर बुधवारी तुमच्याकडे चहा पितात. तिनं त्यांना बांधलं नाही, बाबा. वाचवलं. मेलेल्या बाईला जे कळलं ते या पार्किंगमध्ये अजून कोणाला कळलेलं नाही. मी उद्या या गाडीत बसणार नाही. स्वारगेटहून जेजुरीची पहाटेची एसटी आहे, मी त्या एसटीनं येते; तिथं पट्टा नाही, पण माझ्या पुढ्यात काचही नाही. आमोद, तुला माझ्याबरोबर यायचं असेल तर ये, नसेल तर पायथ्याशी भेटू." आणि मी पिशवी उचलून फियाटच्या पुढच्या सीटवर ठेवली. "हे मात्र गाडीतून न्या, आई. नारळ फुटला तर दुसरा मिळतो."